गिलियनबाईंची दीक्षा

मी भूलतज्ज्ञ आहे. लेस्टरच्या एका हॉस्पिटलात गेली बावीस वर्षं लोकांना शांत झोपवायचं काम करते. त्यामुळे स्वतःला शांत होता येत नाही म्हणून मी दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये मेडिटेशनच्या क्लासला जायला लागले, तेव्हा घरच्यांना त्याचं फार हसू आलं. मुलगा म्हणाला, "आई, पंधरा हजार वर्षांची इंडियन ट्रॅडिशन तू इंग्लिश बाईकडून शिकणार?" पंधरा हजार हा आकडा त्याने कुठून आणला ते माहीत नाही. त्याला मराठीतले आकडे एकोणतीसच्या पुढे नीट येत नाहीत.

क्लास घ्यायच्या गिलियनबाई. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या, सहासष्ट वर्षांच्या, उंच आणि सरळ. वर्गात आम्ही सगळे त्यांना पेमा म्हणायचो. हे तिबेटी नाव त्यांनी तात्पुरतं स्वतःच घेतलं होतं. खरं नाव दीक्षा झाली की गुरू देणार होते. हे गुरू लडाखमध्ये एका उंच मठात राहायचे आणि दीक्षेसाठी त्यांच्याशी गिलियनचा दोन वर्षं पत्रव्यवहार चालला होता. पत्रांना उत्तरं यायला चार-चार महिने लागत. गिलियन म्हणायची, गुरू आपली परीक्षा बघताहेत. तिथे गेल्यावर कळलं, की बर्फामुळे रस्ता बंद असायचा.

२००७च्या उन्हाळ्यात तिने बारा दिवसांची मठयात्रा ठरवली. क्लासमधल्या अकरा जणांनी आधी हो म्हटलं, आणि तिथली समुद्रसपाटीपासूनची उंची कळल्यावर नऊ जण गळाले. उरलो मी आणि कीथ. कीथ कौन्सिलमध्ये प्लॅनिंग ऑफिसर होता आणि त्याच्या मनगटावर उंची दाखवणारं घड्याळ होतं. मला खोलीत सोबत हवी होती म्हणून मी आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर कुंदा मेश्रामला विचारलं. कुंदा नागपूरची. नऊ वर्षं आम्ही एकत्र काम करतो. मी हात पुढे केला की न बोलता योग्य मापाची ट्यूब हातात येते, ती कुंदा देते.

"लडाख? येते की," ती म्हणाली. "मला बर्फाचे डोंगर बघायचेत. इथला बर्फ म्हणजे नुसता चिखल, मॅडम."

गिलियनने तिला फोन करून यात्रेमागची भूमिका वीस मिनिटं समजावली. कुंदाने शेवटी विचारलं, "कॅमेऱ्याचा चार्जर कुठला चालेल?"

लेह

विमानातून उतरलो तेव्हा ऊन इतकं स्वच्छ होतं, की लेस्टरमध्ये वर्षभरात जेवढं दिसतं तेवढं एका सकाळीच दिसून गेलं. डोंगर उघडे, तपकिरी, कुठेकुठे जांभळे. मध्ये पॉपलरच्या झाडांच्या हिरव्या पट्ट्या. माझं डोकं दुखायला लागलं. मी सगळ्यांना सांगितलं, दोन दिवस काही करायचं नाही, भरपूर पाणी प्यायचं, आणि उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या मी आणल्यात त्या घ्यायच्या. कुंदाने घेतली. कीथने आधी डब्यावरची माहिती संपूर्ण वाचली आणि मग घेतली. गिलियनने नाही घेतली. तिचं म्हणणं, पंचवीस वर्षं श्वासावर काम केलेल्या माणसाला असल्या कुबड्या लागत नाहीत.

"गिलियन, हवेत ऑक्सिजनच कमी आहे," मी म्हटलं. "श्वास कितीही चांगला घेतलास तरी जे नाहीच ते आत कसं येणार?"

"तू डॉक्टरसारखा विचार करतेस," ती मायेने म्हणाली.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंचं नावही पेमा होतं. मग दोन दिवस असं चाललं, की खालून त्यांचा नवरा लडाखीत "पेमा" अशी हाक मारायचा आणि वरच्या खिडकीतून गिलियन प्रसन्न चेहऱ्याने "येस?" म्हणायची. तिसऱ्या दिवशी त्या माणसाने बायकोला "ए" म्हणून हाक मारायला सुरुवात केली.

वरच्या मठाकडे जायला परमिट लागतं. ऑफिसातल्या कारकुनाने आमचे चार पासपोर्ट घेतले आणि तीन एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला ठेवला. माझा ब्रिटिश पासपोर्ट गिलियन आणि कीथच्या ढिगात गेला. कुंदाने अजून भारतीय पासपोर्ट सोडला नव्हता. मी हिंदीत म्हटलं, "भैया, मी पुण्याची आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं, पासपोर्टकडे पाहिलं. "मॅडम, आप फॉरेनर हैं," तो समजुतीने म्हणाला. निदान झाल्यावर पेशंटच्या नातेवाइकांशी मी ज्या स्वरात बोलते, तोच स्वर. माझा फॉर्म गुलाबी निघाला. कुंदाचा पांढरा होता, आणि अर्ध्या लांबीचा.

संध्याकाळी गिलियनने गच्चीवर सगळ्यांना गोल बसवलं आणि प्रत्येकाने आपण इथे का आलो ते सांगायचं असं ठरलं. कीथ म्हणाला, बायको गेल्यापासून त्याला रविवारचं काय करावं कळत नाही. तेवढं एक वाक्य त्या सबंध यात्रेत मला अगदी खरं वाटलं. मी माझ्या झोपेबद्दल काहीतरी बोलले. कुंदा म्हणाली, "हॉलिडे." मग गिलियन माझ्याकडे वळली. "मला नेहमी कुतूहल वाटतं. तुमच्या भागात, महाराष्ट्रात, बौद्ध धर्म काही उरलाय का?"

"नाही गं," मी म्हटलं. "ते सगळं हिमालयात. आमच्याकडे फक्त लेणी आहेत. खूप जुनी."

कुंदा माझ्या शेजारी बसून दगडाने जर्दाळूच्या बिया फोडत होती. तिने दोन बिया माझ्या हातावर ठेवल्या आणि मी त्या खाल्ल्या.

सिंधूच्या काठाने

पुढचे तीन दिवस आम्ही मठ पाहिले. आमचा ड्रायव्हर स्तान्झिन, तिशीतला, कमी बोलणारा. त्याला लडाखी, हिंदी आणि टुरिस्टांपुरतं इंग्लिश येत होतं. मठ दुरून टेकडीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे लगडलेले दिसतात. पायऱ्या चढून वर गेलं, की आत अंधार, लोण्याच्या दिव्यांचा वास आणि भिंतीभर रंगवलेल्या देवता. त्यांतल्या निम्म्या शांत आणि निम्म्या अशा, की त्यांच्यासमोर लहान मुलांना नेऊ नये. मला वाटलं होतं आपल्याला काहीतरी होईल. झालं एवढंच, की धाप लागली.

एका मठात एक भिक्खू कानाला मोबाइल लावून उभा होता. गिलियनने त्याच्याकडे पाहून डोळे मिटले आणि हात जोडले. स्तान्झिन मला म्हणाला, त्याच्या बहिणीची गाय व्यायलीय, तो विचारतोय कालवड झाली का गोऱ्हा.

खाण्याचं सांगायचं तर थुक्पा, म्हणजे तिथलं शेवयांचं सूप, मला आवडला. आपल्या शेवयांना नीट वळण लावलं असतं तर त्या तशा झाल्या असत्या. लोण्याचा खारट चहा मात्र पहिल्या घोटाला वरणाच्या पाण्यासारखा लागतो. त्याला चहा म्हणणं सोडलं, की मग चांगला लागतो. कीथने चहा मानूनच प्यायचा हट्ट धरला, आणि शेवटपर्यंत प्रत्येक पेल्यापाशी त्याची निराशा झाली. भाजलेल्या सातूचं पीठ चहात कालवून खातात ते पाहून कुंदा खूश झाली. "हे तर आपलं सातू, मॅडम. उन्हाळ्यात आई गूळ घालून द्यायची." तिने बॅगेतून सावजी मसाल्याची बाटली काढली आणि स्वयंपाकघरातल्या म्हाताऱ्या भिक्खूंना चिमूट चिमूट वाढली. त्यांचे डोळे भरून आले. गिलियनला वाटलं काही धार्मिक चाललंय, म्हणून तिने फोटो घेतला.

चौथ्या दिवशी नदीकाठच्या एका जुन्या मठाबाहेर, जर्दाळूच्या झाडाखाली जेवत होतो. गिलियनने कुंदाला पंचशील समजावून सांगायला घेतलं. कुंदा हिंदू आहे हे तिने माझ्यावरून गृहीत धरलं होतं, म्हणून ती अगदी सोप्या इंग्लिशमध्ये, हातवारे करत बोलत होती. तिसरं आणि चौथं शील तिने उलटसुलट सांगितलं.

"आधी व्यभिचाराचं येतं, मग खोटं बोलण्याचं," कुंदा पोळीचा घास मोडत म्हणाली.

गिलियन थांबली. "तू हे कुठे शिकलीस?"

"घरी."

"कुठल्या टीचरकडे?"

"आईकडे. रोज संध्याकाळी म्हणायचो. चूक झाली तर पाठीत धपाटा."

गिलियनला हे उत्तर कुठे बसवावं ते कळेना. ती हसली आणि फुलपाखरांचे फोटो काढायला उठली. कीथही तिच्यामागे गेला. मी डबे आवरू लागले. कुंदा नदीकडे बघत बसली होती.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार ना."

"त्या दिवशी गच्चीवर तुम्ही म्हणालात, आपल्याकडे बुद्धाची फक्त लेणी उरलीत. मग मी कोण?"

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. कुंदा बौद्ध आहे हे मला माहीत होतं. मेश्राम आडनाव, नागपूर. मराठी माणसाला हे कोणी सांगावं लागत नाही. पण आमच्या घरात काही शब्द आवाज खाली आणून म्हणायची पद्धत होती: कॅन्सर, घटस्फोट आणि दुसऱ्याची जात. ती सवय मी लेस्टरला येताना बरोबर आणली, आणि इतकी वर्षं तिला सौजन्य समजत आले.

"माझ्या लक्षात आलं नाही," मी म्हटलं.

"तेच म्हणून राहिले मी. तुमच्या लक्षात आलं नाही."

"आणि मला वाटलं, सगळ्यांसमोर तुला ते आवडणार नाही."

"काय आवडणार नाही?"

समोर सिंधू गढूळ पाण्याने जोरात चालली होती. कुंदाचा आवाज चढलेला नव्हता. थिएटरमध्ये रक्त टिपायचे स्वॅब मोजताना असतो तसाच होता.

"नऊ वर्षांत तुम्ही मला घरी बोलावलं नाही. त्याचं काही नाही, मीही बोलावलं नाही. सगळे बिझी. पण मी बाजूला बसलेली असताना आम्ही नाहीच असं नका सांगू. छप्पनच्या दसऱ्याला नागपुरात दीक्षा झाली तेव्हा माझी आई बारा वर्षांची होती. पांढरं लुगडं नेसून गेली होती, शेजारणीकडून मागून आणलेलं. आमच्या घरात भिंतीवर दोनच फोटो. एक बुद्धाचा, आणि दुसरा कोणाचा ते तुम्हाला सांगायला नको."

"नको," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"बरं," ती म्हणाली, आणि उरलेल्या पोळ्या कागदात गुंडाळायला लागली. मला वाटलं होतं ती "असू द्या हो" म्हणेल. ती तसं म्हणाली नाही.

वरचा मठ

सहाव्या दिवशी आम्ही गुरूंच्या मठात पोचलो. कीथच्या घड्याळात चार हजार तीनशे सत्तर मीटर. मठ लहान, एका बाजूचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं. गुरू म्हणजे सत्तरीतले एक बुटके लामा, गालाला मफलर बांधून मजुरांना सूचना देत उभे होते. गिलियनने तीन वेळा साष्टांग नमस्कार घातला. लामांनी ती उठेपर्यंत वाट पाहिली, मग स्तान्झिनला काहीतरी विचारलं. "विचारताहेत, टॉर्च आणलाय का," स्तान्झिन म्हणाला. गिलियनने आणला होता. पत्रात तसं लिहिलेलं होतं, पण ती त्याचा अर्थ अंतरीचा प्रकाश असा लावत होती. टॉर्च निव्वळ रस्त्यात लागला तर, म्हणून सोबत घेतलेला.

दीक्षा परवा सकाळी ठरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिलियनने नाश्ता केला नाही. डोकं दुखतंय, पण हा अहंकाराचा प्रतिकार आहे, असं म्हणाली. दुपारी जेवणानंतर ती अंगणात चालत होती ते मी पाहिलं. दारू प्यायल्यासारखी ती पाय फाकून चालत होती.

"गिलियन, या फरशीच्या रेघेवरून सरळ चालून दाखव. टाचेला अंगठा लावून."

"वॉकिंग मेडिटेशन?" तिने आनंदाने विचारलं. चार पावलं टाकली आणि ती भिंतीवरच्या प्रार्थनाचक्रावर जाऊन आदळली. चक्र गरगर फिरलं. तिने मला विचारलं, आज गुरुवार ना, मग हॉलची चावी कोणाकडे आहे?

मेंदूला सूज यायला लागली होती. यावर इलाज एकच, खाली उतरणं. तेही ताबडतोब. मी तिला सूज आवरणारं डेक्सामेथाझोनचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, आत्ता निघायचं.

"उद्या दीक्षा आहे," ती म्हणाली.

"उद्यापर्यंत तू बेशुद्ध होशील."

"दोन वर्षं मी वाट पाहिली. तुला समजणार नाही, माधुरी. तुम्हा लोकांना हे सगळं जन्मतःच मिळतं." मग ती खाली जमिनीवर बसली, मांडी घातली आणि डोळे मिटले. तशी ती एका बाजूला कलत होती. कीथ तिच्यामागे उशी धरून उभा राहिला. त्याने मला हळूच विचारलं, तिची इच्छा नसताना आपण नेऊ शकतो का, त्याची काही प्रोसिजर आहे का. मी इंग्लंडमध्ये इतकी वर्षं घालवली आहेत, की क्षणभर मीही प्रोसिजरच आठवत राहिले.

कुंदा मात्र आमच्यात नव्हतीच. तिने गिलियनची बॅग भरून जीपमध्ये ठेवली होती, आणि आता ती स्तान्झिनला घेऊन सरळ छपराखाली उभ्या लामांकडे गेली. मी मागे धावले. धावणं म्हणजे तिथे दहा पावलं आणि थांबणं.

"लामाजी," ती हिंदीत म्हणाली, "त्या बाई फार आजारी आहेत. आत्ता खाली नेल्या नाहीत तर उद्या दीक्षा घ्यायला राहणार नाहीत. त्या आमचं ऐकत नाहीत. तुम्ही सांगा."

स्तान्झिनने भाषांतर केलं. लामांनी अंगणात कललेल्या गिलियनकडे पाहिलं. मग मजुरांकडे पाहिलं, मफलरवरून गाल चाचपला आणि चार शब्द बोलून आत गेले. बाहेर आले तेव्हा पायांत बूट होते आणि हातात एक पिशवी.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, मीच येतो. त्यांची दाढ दुखतेय, तीन आठवडे झाले. लेहला जायला गाडी मिळत नव्हती."

लामा जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि त्यांनी खिडकीतून गिलियनला हात केला. आता गुरू निघाल्यावर शिष्येने मागे बसून राहण्यात काही अर्थ नव्हता. कीथने आणि कुंदाने तिला दोन्ही बाजूंनी उचललं.

जीपमध्ये

तो रस्ता मी विसरणार नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला हवा. गिलियन माझ्या आणि कुंदाच्या मध्ये. पहिल्या अर्ध्या तासात तिने कीथच्या नव्या हॅटमध्ये दोनदा ओकारी केली. कीथने ती हॅट दोन्ही हातांनी ताठ धरून ठेवली होती, आणि दर दहा मिनिटांनी तो उंची वाचून दाखवायचा. "चार हजार शंभर." "तीन हजार नऊशे ऐंशी." मी तिची नाडी धरून होते. भूलतज्ज्ञाच्या आयुष्यात सगळं यंत्रावर दिसतं: ऑक्सिजन, रक्तदाब, हृदयाचा आलेख. इथे माझ्याकडे फक्त माझी दोन बोटं होती.

"घाबरलात?" कुंदाने मराठीत विचारलं.

"हो."

"मी पण."

गिलियन मधूनमधून असंबद्ध बोलत होती. मग अचानक स्पष्टपणे म्हणाली, "कोणीतरी काहीतरी म्हणा." मला येत होतं ते शुभंकरोती, तेही अर्धं. कुंदाने तिचा हात हातात घेतला आणि त्रिशरण-पंचशील म्हणायला लागली. आवाज बेताचा, सूर शाळेतल्या प्रार्थनेचा. पुढे बसलेल्या लामांचं डोकं वळलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग स्तान्झिनमार्फत विचारलं, हे कोणी शिकवलं.

"आईने," कुंदा म्हणाली. तिच्या आईला कोणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मग तिने दीक्षेच्या त्या मैदानाची गोष्ट सांगितली. नागपुरी हिंदीत, वळणावळणांवर थांबत. लाखो माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत, एका सकाळी. स्तान्झिन एकीकडे गाडी चालवत, एकीकडे भाषांतर करत होता. लाखोंचा आकडा त्याने कुंदाला पुन्हा विचारून घेतला.

लामांनी गालावरचा मफलर सारखा केला. मग त्यांनी एक प्रश्न विचारला.

"विचारताहेत, इतक्या लोकांचा स्वयंपाक कोणी केला?"

कुंदा हसली. त्या प्रवासात पहिल्यांदाच मी तिला इतकं हसताना पाहिलं. "कोणी नाही. ज्याची त्याने भाकरी बांधून नेली होती. आई सांगायची, येताना भाकरी संपली तर रस्त्यातल्या लोकांनी चिवडा दिला."

लामांनी मान डोलावली. उत्तर त्यांना पटलेलं दिसलं.

"तीन हजार सहाशे," कीथ म्हणाला. गिलियनने डोळे उघडले आणि मला विचारलं, माझी बॅग कोणी भरली, कारण माझे बूट नेहमी वेगळ्या पिशवीत असतात. मी तिची नाडी सोडली. तक्रार करणारा पेशंट वाचतो, हा माझा अनुभव आहे.

परतीच्या आधी

लेहच्या दवाखान्यात एक दिवस ऑक्सिजन घेतल्यावर गिलियन ठणठणीत झाली. तिसऱ्या दिवशी कळलं, की लामा बाजारातल्या डेंटिस्टकडे आहेत. आम्ही चौघं तिथे गेलो. ते वेटिंगरूममध्ये बाकावर बसले होते, दाढ काढलेली, गालात कापूस. गिलियनने विचारलं, दीक्षेसाठी पुढच्या वर्षी येऊ का? लामांनी तिला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच, दोन पेशंट आणि एका कॅलेंडरच्या साक्षीने, काय म्हणायचं ते म्हणाले. शेवटी तिला नाव दिलं. पण तोंडात कापूस असल्यामुळे ते कोणालाच कळलं नाही. स्तान्झिनने दोन वेळा विचारलं. दोन्ही वेळा वेगळं ऐकू आलं. तिसऱ्यांदा विचारायचं धाडस झालं नाही, कारण लामांना दुखत होतं.

त्यामुळे आमच्या गुरुवारच्या वर्गात आता कोणी पेमा नाही. दीक्षेचं नाव असलेल्या, पण ते माहीत नसलेल्या गिलियन आहेत. सप्टेंबरमध्ये त्यांनी चर्चच्या हॉलमध्ये फोटो दाखवले आणि वरच्या मठात आपल्याला आलेल्या विलक्षण अनुभवाबद्दल बोलल्या: काळ थांबला, पायांखालची जमीन विरघळली. समोरच्या रांगेत बसलेल्या माझ्या ओठांवर मेंदूची सूज हे शब्द आले होते. मी ते गिळले. कीथने हात वर करून नेमकी किती मीटरवर ते सांगितलं. मग गिलियन स्लाइडमध्ये नसलेलं एक वाक्य बोलली. "खाली येताना एका बाईने माझा हात धरला होता आणि ती काहीतरी म्हणत होती. मला एवढंच नीट आठवतंय."

कुंदा मागच्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपल्यावर ती आमच्या दोघींकडे आली आणि म्हणाली, "दसऱ्याच्या नंतरच्या रविवारी आमच्याकडे कार्यक्रम असतो. या."

तिचं घर माझ्या घरापासून बसने अकरा मिनिटांवर आहे. मी आणि गिलियन वेळेवर पोचलो, म्हणजे सगळ्यांच्या एक तास आधी. मग माणसं येत गेली. लेस्टरची, कव्हेंट्रीची, बर्मिंगहॅमची. नर्सेस, बस ड्रायव्हर, दोन इंजिनियर, एक माझ्याच हॉस्पिटलचा रेडिओग्राफर, ज्याला मी रोज लिफ्टमध्ये गुजराती समजून "केम छो" म्हणत होते. बुद्धाच्या आणि त्या दुसऱ्या फोटोला हार घातला. वंदना झाली. मग कोणी सेकंडरी स्कूलच्या अ‍ॅडमिशनचे फॉर्म कसे भरायचे ते सांगितलं, कोणी व्हिसाचे बदललेले नियम सांगितले, आणि परीक्षेत चांगले मार्क मिळवलेल्या मुलांना पुस्तकं वाटली. कुंदाच्या मुलीने भाषण केलं. "माझा आजी खूप स्ट्रॉन्ग होता," ती म्हणाली, आणि कोणी दुरुस्त केलं नाही.

सगळे खुर्च्यांवर होते. गिलियन एकटीच जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून बसली होती. फॉर्मचं बोलणं संपल्यावर तिने कुंदाला हळूच विचारलं, "प्रॅक्टिस कधी सुरू होणार?"

"हीच," कुंदा म्हणाली, आणि तिच्या हातात भाताचं पातेलं दिलं.

नागपूरहून आलेल्या कुंदाच्या मावशी वाढपाच्या टेबलामागे उभ्या होत्या. गिलियनने वाढायला सुरुवात केली. प्रत्येकाला एक चमचा, सपाट केलेला, सगळ्यांना सारखा. मावशींनी चार ताटं पाहिली.

"ह्या बाईले सांगा ना वं," त्या मला म्हणाल्या, "भात मोजून काऊन वाढून राहिली?"

"काय म्हणतात त्या?" गिलियनने विचारलं.

"मोजू नकोस म्हणतात."

गिलियनने पातेल्यात पाहिलं. मग रांगेकडे पाहिलं. रांग हॉलवेतून दारापर्यंत गेली होती आणि दाराबाहेर अजून कोणीतरी बूट काढत होतं. "पुरेल का पण?"

मावशींना इंग्लिश येत नव्हतं, तरी हा प्रश्न त्यांना कळला. "पुरते," त्या म्हणाल्या, आणि मी नुसतीच उभी आहे हे पाहून माझ्या हातात वरणाचं पातेलं दिलं.